‘या, बसा’च्या पुढचं काम: दुकानातल्या माणसांशी आणि गिऱ्हाइकांशी नीट कसं वागायचं

कोल्हापुरात गोड बोलायला कुणाला शिकवावं लागत नाही. ‘या की दादा, बसा, पाणी घ्या’ हे महाद्वार रोडला दर चार पावलांवर कानावर येतं. गाडी अडते ती त्याच्या पुढे. पगार ठरल्या तारखेला होतो की ‘बघूया पुढच्या आठवड्यात’? गिऱ्हाईक चप्पल परत घेऊन आलं की चेहरा तोच राहतो का? हमालाला चहा कोणत्या कपात मिळतो? खाली लिहिलंय ते तीन ते पंधरा माणसांच्या धंद्यासाठी आहे: चप्पल लाइन, गुजरी (सराफांची पेठ), शाहूपुरीतली गुळाची पेढी, राजारामपुरीतलं कापडदुकान, खानावळ, गॅरेज. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे कमी आणि शिस्त जास्त लागते.

सुरुवात कामगारांपासून करा. कारण सोपं आहे. टाक्याचा दोष दाखवला तर नुकसान आपल्या पगारातून कापलं जाईल, अशी भीती असलेला सेल्समन तो दोष लपवूनच चप्पल विकणार. मग मालकानं भिंतीवर ‘ग्राहक देवो भव’ लिहिलं काय आणि न लिहिलं काय.

पगार, उचल, कपात

पगाराची तारीख ठरवा आणि ती काउंटरच्या आतल्या बाजूला लिहून लावा. सात तारखेच्या पुढे जाऊ नका. तारखेला सुट्टी आली तर आदल्या दिवशी द्या. पैसे बँकेत किंवा यूपीआयने गेले की वाद कमी होतात, पण सोबत चिठ्ठी हवीच. चिठ्ठीवर पाच ओळी पुरतात: ठरलेला पगार, भरलेले दिवस, जादा तास, उचलीची कपात, हातात दिलेली रक्कम. सहाव्या ओळीत उचलीची बाकी लिहिली तर उत्तम.

सगळ्यात जास्त कटुता उचलीतून येते. मालक खुशीत असला की मागेल तेवढं देतो, आणि चार महिन्यांनी पोरगं सुट्टी मागायला आलं की ‘अडचणीत पैसे कुणी दिलते?’ असं सगळ्यांदेखत काढतो. ही मदत नव्हे, ही दावण झाली. नियम आधीच करून ठेवा. उचल जास्तीत जास्त अर्ध्या महिन्याच्या पगाराइतकी, व्याज नाही, एका महिन्यात पगाराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त कपात नाही. उदाहरणार्थ १४,००० पगार असेल तर उचल ७,०००, आणि कपात महिन्याला २,०००. चौथ्या महिन्यात शेवटचे १,००० कापून खातं बंद. वहीत दोघांची सही. दवाखाना आणि मयत यांना मर्यादेतून सूट द्या, पण तीही वहीत लिहा. एकदा दिलेल्या उचलीचा उल्लेख त्या वहीबाहेर कुठेही करायचा नाही, एवढं एक पाळलं तरी बरंच साधतं.

फुटलेली बरणी, डाग पडलेलं कापड, चुकीचं दिलेलं सुट्टं हे पगारातून कापू नका. महिन्याला ठरावीक रक्कम तुटफूट म्हणून धंद्याच्या खर्चातच धरा. तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर माणूस चुकीच्या कामावर आहे का, उजेड कमी आहे का, बरणी ठेवायची फळी उंच आहे का, ते आधी बघा. गल्ल्यात रोज कमी पडत असेल तर संशय घेण्याआधी दिवसातून दोनदा, दुपारी तीनला आणि बंद करताना, मोजणी सुरू करा. सुट्ट्या पैशांचा घोळ आणि चोरी यांतला फरक आठवड्यात कळतो.

दिवाळीचं बघा. बोनसच्या कायद्यात किमान दर ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, थोडक्यात एक पगार. कायदा वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना लागू असला तरी छोट्या दुकानानंही तोच आकडा धरायला हरकत नाही. महत्त्वाचं म्हणजे तो वसुबारसेच्या आधी हातात पडू दे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दहा वाजता, दुकान बंद करताना पाकीट देणारे मालक मनाने वाईट नसतात. पण त्या घरातल्या पोरांचे कपडे घ्यायची वेळ तोवर टळून गेलेली असते.

दहा माणसं झाली की ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, बघावं लागतं: २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. ‘आमच्या पोरांना नको आहे’ हे उत्तर पोरांच्या वतीने मालकच देत असतो.

वेळ, बसणं, पाणी, पूर

नवरात्रात आणि मे महिन्यात अंबाबाईच्या दर्शनाला आलेली गर्दी रात्री उशिरापर्यंत सरत नाही. तेव्हा ‘जरा ॲडजस्ट करा’ म्हणून भागत नाही. आधी हिशेब मांडा. १४,००० पगार, २६ दिवस, आठ तास धरले तर तासाला साधारण ६७ रुपये पडतात. जादा कामाला दुप्पट दर, म्हणजे १३४. नऊ दिवस रोज दोन तास जास्त थांबवलं तर माणशी सुमारे २,४०० रुपये झाले. परवडत नसेल तर त्या नऊ दिवसांपुरतं सकाळ-संध्याकाळचं माणूस वाढवा. दोन्ही परवडत नसेल तर दुकान वेळेवर बंद करा. फुकटात थांबवणं हा तिसरा पर्याय नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची सुट्टी, वर्षाला ८ किरकोळ रजा आणि सणांच्या ८ भरपगारी सुट्ट्या आहेत. तो ठरावीक संख्येच्या वरच्या दुकानांना लागू होतो. तुमच्याकडे चारच माणसं असली तरी आकडे तेच धरा, म्हणजे दर वेळी घासाघीस होत नाही. रजा कशासाठी हवी हे विचारू नका, कधी हवी ते विचारा.

दुकानातली मुलगी दहा तास उभी असते आणि पाठीमागे स्टूल असूनही ‘गिऱ्हाइकासमोर बसलेलं बरं दिसत नाही’ म्हणून बसत नाही. दुकानात बसायची सोय असावी म्हणून केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये कायद्यात बदल केला. आपल्याकडे त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही: दोन माणसांमागे एक स्टूल, आणि गिऱ्हाईक नसताना बसायचं हे मालकानं स्वतः तोंडानं सांगायचं. सांगितल्याशिवाय कुणी बसत नाही.

जुन्या पेठेतल्या बऱ्याच दुकानांना संडास नाही. पुरुष कसंतरी निभावतात. बायका पाणी पिणं कमी करतात आणि त्याचं दुखणं घरी नेतात. जवळच्या लॉजशी किंवा ओळखीच्या घराशी महिन्याचे पैसे ठरवून सोय करा आणि नवीन बाई कामाला आली की पहिल्याच दिवशी दुकानातल्या दुसऱ्या बाईकडून तिला ती जागा दाखवा. हे विचारायची वेळ तिच्यावर आणू नका.

पावसाळ्याची तजवीज जूनमध्येच करा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना पाणी चढायचा वेग सांगायला नको. प्रत्येक कामगाराचं गाव आणि त्याची वाट कागदावर लिहा. चिखली, आंबेवाडीकडची माणसं ३९ फुटाला घरी सोडायची, गल्ल्याचा हिशेब नंतर. रस्ता बंद असलेल्या दिवसांचा पगार द्यायचा की अर्धा द्यायचा हे पाणी यायच्या आधी ठरवा आणि सांगून टाका. पहिला आठवडा पूर्ण पगार आणि पुढे अर्धा, हे बहुतेक दुकानांना झेपतं. खरं तर माणसाला आकड्यापेक्षा अनिश्चितता जास्त छळते.

रागावणं आणि ‘आपण घरचेच’

चूक दाखवायची ती गिऱ्हाईक गेल्यावर, आत नेऊन, आणि त्याच दिवशी. तीन गोष्टी बोलायच्या: काय झालं, त्यानं काय बिघडलं, पुढच्या वेळी कसं करायचं. ‘सकाळी आलेल्या पार्सलवर साइज लिहिली नाही. दुपारी आठ नंबर शोधायला वीस मिनिटं गेली. उद्यापासून पेटी उघडली की आधी पेननं नंबर टाक.’ एवढंच. ‘तुझं नेहमीचंच आहे’, ‘डोकं कुठं असतं’ ही वाक्यं सुरू झाली की समोरचा ऐकणं बंद करतो, फक्त मान हलवतो. कौतुक मात्र चारचौघांत चालतं, तेही नेमकं: ‘त्या पंढरपूरच्या आजींना तू दोन्ही पाय मापून दिलंस ते बरं केलंस.’ नुसतं ‘लई भारी’ म्हटलेलं संध्याकाळपर्यंत विसरलं जातं.

‘ए पोऱ्या’ बंद. नाव घ्या. वयानं मोठ्या कारागिराला मामा, अण्णा, काका म्हणता ते चांगलंच आहे. पण नात्याचं नाव लावून हक्काचं काम फुकट करून घेऊ नका. ‘आपण घरचेच की’ हे वाक्य बहुतेक वेळा सुट्टीच्या दिवशी गोडाऊन लावायला बोलावताना निघतं, पगारवाढीच्या वेळी नाही. माणसाच्या हे लक्षात येतं.

आणि कप. दुकानात येणारा हमाल, झाडणारी मावशी, मालकाचा पाहुणा, सगळ्यांना एकाच ट्रेमधला चहा. या गावाला तर हे नव्यानं सांगायला नको. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला कुणी येईना. शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. त्यांनी समतेवर भाषण न देता रोजचा परिपाठ बदलला.

गिऱ्हाइकाला खरं सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं

चपलेचंच घेऊ, कारण इथे खरं-खोटं सगळ्यात जास्त मिसळलंय. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. म्हणजे बेळगाव जिल्ह्यात बनलेली हातची चामडी चप्पलही खरीच. तिला ‘डुप्लिकेट’ म्हणून नाव ठेवणं चूक. खोटी आहे ती रेक्झिनची, आत पुठ्ठा भरलेली, जी शेजारच्याच खिळ्याला लटकलेली असते. ती विकणं गुन्हा नाही. ती चामड्याची म्हणून विकणं फसवणूक आहे.

तर मांडणीच वेगळी करा. हातशिलाईची चामडी एका भिंतीला, मशिनची चामडी दुसरीकडे, रेक्झिन तिसरीकडे, आणि तिन्हींवर मोठ्या अक्षरांत पाटी. बिलावर नुसतं ‘चप्पल १ जोड’ न लिहिता ‘चामडी, हातशिलाई, कापशी, नं. ८’ असं, चपलेच्या प्रकारासकट लिहा. सगळ्याच पाट्यांवर ‘ओरिजिनल’ लिहिलेल्या रस्त्यावर सविस्तर बिल हीच ओळख ठरते.

विकताना या गोष्टी गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी सांगायच्या. दोन्ही पाय मापा, एक पाय जरासा मोठा असतोच. चामडं वापरानं सैल होतं, म्हणून पहिल्या दिवशी थोडी घट्टच बसली पाहिजे. आज सैल असेल तर महिन्यानं पायातून निघेल. सुरुवातीचे चार-पाच दिवस अंगठ्यापाशी आणि पट्ट्याखाली चावते. पट्ट्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल बोटानं चोळायचं, घरात रोज एक-दोन तास घालायची, मग बाहेर. पावसात घालायची नाही. भिजलीच तर फडक्यानं टिपून सावलीत वाळवायची; उन्हात किंवा हीटरपुढे ठेवली की चामडं आखडतं, तळ वाकडा होतो. करकर आवाज हा दोष नाही, कुणाला तोच हवा असतो. पण रुग्णालयात किंवा वाचनालयात काम करणाऱ्याला आधी सांगा.

असं सगळं सांगितल्यावर काही जण न घेता जातात. जाऊ देत. कोकणात राहणाऱ्या, पावसात रोज चालणाऱ्या माणसाला हातशिलाईची चप्पल गळ्यात मारली तर जुलैत तिला बुरशी येणार आणि तो दहा जणांना कोल्हापुरीच वाईट म्हणून सांगणार.

गुळाच्या पेढीवर उलटा प्रकार असतो. इथे गिऱ्हाईकच पिवळाधमक गूळ मागतं. तो रंग अनेकदा हायड्रॉस पावडरीनं, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनानं, आणलेला असतो. बिनरसायनाचा गूळ तपकिरी, काळसर दिसतो आणि पावसाळ्यात लवकर पाझरतो. दोन्ही ढेपा शेजारी ठेवा, दोन्हींचा खडा चाखायला द्या, आणि काळा गूळ घेतला तर हवाबंद डब्यात ठेवायला सांगा. तरी पिवळाच हवा असेल तर द्या, पण ‘सेंद्रिय’ म्हणून देऊ नका.

गुजरीत सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. तो भिंगाखाली दाखवा आणि गिऱ्हाइकाच्याच मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघायला सांगा. साजाच्या बिलात सोन्याचं वजन, लाखेचं वजन, घडणावळ आणि घट या वेगवेगळ्या ओळी हव्यात. मोडीच्या वेळी काय कापलं जाईल तेही आजच लिहून द्या. भांडणं मोडीच्याच दिवशी होतात.

भावाबद्दल: मुंबईच्या गाडीला एक भाव आणि लक्ष्मीपुरीतल्या ओळखीच्याला दुसरा, हे लपून राहत नाही, कारण दोघंही रील टाकतात. एकच भाव लिहा. सूट द्यायची तर नियम करा, जसं तीन जोडांना दहा टक्के, आणि तो सगळ्यांना लावा. रिक्षावाल्यांना कमिशन देत असाल तर ते भावात मिसळलेलं असतं, आणि स्वतः चालत आलेलं गिऱ्हाईकही ते भरतं, एवढं ध्यानात असू द्या.

परत आलेला माल

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी असेल तर आज काढा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. त्यापेक्षा स्वतःची अट साफ लिहा: न वापरलेला जोड सात दिवसांत बदलून, टाका उसवला तर तीन महिने फुकट दुरुस्ती, दोष आमचा असेल तर पैसे परत.

तक्रार आली की क्रम असा ठेवा. आधी बसवा. वस्तू हातात घेऊन बघा, बिल नंतर मागा. पहिलाच प्रश्न ‘बिल कुठाय?’ असला की माणूस भांडणाच्या तयारीनं उभा राहतो. मग काय झालं ते शेवटपर्यंत ऐका, मध्ये ‘असं होऊच शकत नाही’ नको. दोष आपला असेल तर एका वाक्यात मान्य करा: ‘टाका आमच्याकडून कच्चा राहिला.’ पुढे किती वेळात काय होईल ते सांगा: ‘कारागीर चारला येतो, उद्या अकराला तयार.’ चूक वापराची असेल, म्हणजे तळ भिजून फुगला असेल, तर तेही दाखवून सांगा आणि दुरुस्तीचा खर्च आधी बोला. दया आली म्हणून सगळंच फुकट केलं तर उरलेल्यांवर अन्याय होतो आणि कारागिराच्या मजुरीचा प्रश्न राहतोच. ती मजुरी त्याला द्यायचीच, फुकट दुरुस्ती ही दुकानाची सूट असते, त्याची नव्हे.

तीनशे रुपयांपर्यंतचा निर्णय काउंटरवरच्या माणसाला घेऊ द्या, मालकाला फोन न करता. त्यानं दिलेली सूट तुम्हाला पटली नाही तरी गिऱ्हाइकासमोर फिरवू नका. एकदा फिरवली की तो पुन्हा कधी निर्णय घेणार नाही.

उधारीच्या वसुलीला दुकानातल्या पोराला पाठवू नका. शिव्या तो खातो. फोन मालकानं करायचा, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहाच्या आत. ‘नमस्कार काका, वहीत २,३५० बाकी दिसतेय, एकदम नको, या महिन्यात कितपत जमेल?’ असं विचारलं की बहुतेक जण आकडा सांगतात. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा फळ्यावर नावं टाकली तर कदाचित पैसे येतील, ते घर मात्र पुन्हा येणार नाही. वसुलीचा ताणच नको असेल तर उधारीची मर्यादा देतानाच सांगा.

एक गोष्ट राहते: गिऱ्हाईकच उद्धट निघालं तर. सेल्समननं एकदा शांतपणे समजावायचं, दुसऱ्यांदा मालकाला बोलवायचं. मालकानं मध्ये उभं राहून म्हणायचं, ‘माल बदलून देतो, पण आमच्या पोरीशी या भाषेत बोलू नका.’ आवाज न चढवता. त्यानंतर पोरीला दहा मिनिटं आत बसू द्या आणि तिलाच ‘तूच काहीतरी बोलली असशील’ म्हणू नका. बोलली असेल तर ते संध्याकाळी विचारता येतं. अंगलटीचा प्रकार असेल तर मात्र संध्याकाळची वाट नाही: सीसीटीव्हीचं चित्रण लगेच काढून ठेवा, तक्रार करायची का ते तिला ठरवू द्या, आणि पोलीस ठाण्यात तिच्यासोबत जा. दहा माणसं झाली की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागतेच.

माणूस काम सोडून निघाला की तोंड फिरवू नका. दोन दिवसांत हिशेब करा: भरलेले दिवस, शिल्लक रजा, उचलीची बाकी. पाच वर्षं झाली असतील आणि दुकानात दहा माणसं असतील तर ग्रॅच्युइटी, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार; एका दिवसाचा पगार म्हणजे महिन्याचा पगार २६ नं भागून. अनुभवाचा दाखला छापील लेटरहेडवर, तारखेसह द्या. तो समोरच्याच दुकानात लागला तरी दाखल्यातला मजकूर तोच राहू द्या.